नसलेल्या सेन्सरची तक्रार

प्रिय ठमे,

शाळेत सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर एका वाक्यात करावी. मला ते तेव्हाही जमलं नाही, आणि आज तर मी पुरती वैतागलेय. तू पाठवलेल्या लॅपटॉपवर, तुझ्या बाबांवर आणि थोडी तुझ्यावरही.

परवा मी स्वतः त्याचा कॅमेरा सुरू केला, तर ‘हार्डवेअरमध्ये बिघाड’ अशी लालभडक पाटी! तशीच दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, बाई, सगळं ठणठणीत आहे. कॅमेऱ्याशेजारी उजेड मोजणारा सेन्सर असतो, तो या स्वस्त मॉडेलमध्ये बसवलेलाच नाही. पण कॅमेरा चालवणारा जो प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तो त्या सेन्सरला हाका मारत बसतो, आणि ओ आली नाही की बोंब ठोकतो. अगं, जे मुळात नाहीच ते बिघडेल कसं? तुम्ही एवढी शिकलीसवरलेली माणसं, आधी ‘आहेस का रे बाबा’ एवढं तरी विचारायला लावा ना त्याला!

बाबांचा जन्म वीजकेंद्रात गेला. लाल दिवा लागला की आधी यंत्र बंद, मग चौकशी. तुझ्या खेळण्यातल्या आगगाडीचा दिवा लाल झाला तरी सेल काढून ठेवायचे, आणि तू भोकाड पसरायचीस. अजून तसेच आहेत. दर रविवारी तुझा व्हिडिओ फोन येणार म्हणून सकाळपासून नुसती लगबग. दाढी, इस्त्रीचा शर्ट, कानातलं यंत्र. साध्या फोनवर त्यांना धड ऐकू येत नाही, पडद्यावर तुझे ओठ दिसले तरच उमगतं. आणि मी स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत लॅपटॉपचं झाकण मिटलेलं. विचारलं तर ‘झालं बोलून’ एवढंच. खरं काय ते काल खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं: ती लाल पाटी आली की यंत्र बंद! म्हणे, तिला कळवू नकोस, पोरीने हौसेनं पाठवलेलं यंत्र बिघडलं म्हणून हिरमुसेल. कपाळाला हात लावला मी.

तुझा निरोप वाचल्यापासून घास गोड लागत नाहीये. नोकरीसाठी दूर गेलीस याचा राग बाबांच्या मनातून गेलेला नाही, तुझं तोंड दिसताच ते झाकण मिटतात, म्हणून यापुढे तू फोनच करणार नाहीस, असं तू लिहिलंस. म्हणून हे पत्र. ती पाटी काढून टाक, ठमे, आणि या रविवारी फोन कर. माझ्याच्यानं होत नाही. पाटी खोटी आहे, खुशाल बोला, असं मी त्यांना दहादा सांगितलं, तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, “तो ड्रायव्हर आपल्या पोरीने लिहिलाय. ती खोटं कशाला लिहील?”

तुझीच,
दोघांच्या मध्ये सापडलेली आई