बाबांचं खुणेचं नाव

प्रिय आई,

तुझ्या दोन्ही हातांचा पापा. मी बोगोटात ठणठणीत आहे, लोकरीचे मोजेही घालते. छपराचा पत्रा शेजारच्या एडलनने बसवला का?

काल बहिरेपणावरच्या संशोधन स्पर्धेत परीक्षकांची ओळख मी करून दिली, तोंडाने आणि हातांनीही. एक डॉक्टर, एक शिक्षिका आणि नुबिया नावाची बहिरी संशोधक. डोंगरातली पोर, समुद्र कधी पाहिलेला नाही.

मंचावर हातांनी ओळख करून द्यायची, म्हणून आधी मी तिचं खुणेचं नाव विचारलं. तिने बोट भुवईवरून कानापर्यंत ओढलं. आई, हे तर बाबांचं नाव, गळ लागून झालेल्या जखमेवरून तू ठेवलेलं. तिच्या चेहऱ्यावर ओरखडाही नाही.

"कुणी ठेवलं?" मी हातांनी विचारलं.

"लहानपणी बाजारात एक बहिरा माणूस भेटला. कडक ऊन, आणि हा नखशिखांत भिजलेला. म्हणाला, मला आता हे लागत नाही, तू घे." मग माझ्याकडे बघून ती हसली. "अशी काय पांढरी पडलीस? सकाळपासून उपाशी आहेस वाटतं."

मंचावर मी ते नाव हातांनी करून दाखवलं. आपल्या बहिऱ्या लोकांच्या टाळ्या त्या, सगळ्यांनी हात उंच करून हलवले. बाबांची शेवटची होडी सुटली तेव्हा धक्क्यावर आपणही असेच हलवले होते.

मी जेवते वेळेवर, काळजी करू नकोस.

पायरीवर अजून कंदील ठेवतेस का? बाबा आलेच, तर आता त्यांना कोणत्या नावाने बोलावशील?

तुझ्या हातांची आठवण काढणारी,
आयोना