किसन्याच्या खांद्यावरचा हात

सिमला, जानेवारी १९५४, गुरुवार

मंग मी काय नुसतं पाणी ओतायलेच आलो इथं? किसन्या माझ्याच आंजी गावचा, माझ्यासंगंच या बर्फाच्या रिंकवर कामाले लागला. त्याले रिंकच्या साहेबानं हॉकीच्या खेळाडूंत घेतलं. सांजेले पाणी ओतून बर्फ मी जमवतो, सकाळी त्यावर खेळते तो.

आज त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा साहेब युरोपातल्या बर्फावरच्या हॉकीची पयली स्पर्धा सांगून राह्यला होता. चार देश, गोठलेलं तळं.

मी विचारलं, "साहेब, तिथं पाणी कोण ओते?"

सारे हासले. किसन्या म्हणे, "अबे येड्या, तळ्यात कोणी पाणी ओतते का?"

साहेबाचा हात तसाच, त्याच्याच खांद्यावर. काऊन?

आता त्याची माय, पोरगा खेळाडू झाला म्हणून, गावभर सांगत फिरन, माझ्या बापाले ऐका लागन. किसन्या घरी वीस रुपये धाडते. मी उद्या धाडतो एकवीस.