साप, साडू आणि सेफ्टी इन्चार्ज

४ जून
गोदामात साप निघाला. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्पीमागे. सगळे टेबलांवर चढले. मीही चढलो, पण परिस्थितीचा आढावा घ्यायला. साप पकडणाऱ्याने तो पोत्यात घालून नेला. संध्याकाळी मॅनेजरबाईंनी मला सेफ्टी इन्चार्ज केलं. इतकी वर्षं स्टोअर सांभाळतोय, आज लक्षात आलं यांच्या!
संकल्प: सर्पदंशाच्या बाबतीत हे गोदाम आदर्श करणे.

५ जून
किट तयार. ब्लेड, सुतळी, टॉर्च, शिट्टी. पद्धत सोपी आहे: आवळून बांधा, चीर द्या, विष ओढून थुंका. सिनेमात शंभरदा पाहिलंय. ही म्हणाली, "तुमच्या हातात ब्लेड बघून सापच पळेल." बायकोकडून उत्तेजनाची अपेक्षा नव्हतीच.

९ जून
संताप! शुक्रवारचं माझं प्रात्यक्षिक बाईंनी परस्पर रद्द केलं. बाहेरचा तज्ज्ञ येणार. तज्ज्ञ कोण? माझा साडू! हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सरकारी दवाखान्यात डॉक्टर झाला म्हणून काय झालं? याला स्कूटर मी शिकवली. अजून वळताना हात दाखवत नाही.

१३ जून
व्याख्यान कसलं, नुसती नकारघंटा. बांधू नका. कापू नका. चोखू नका. बर्फ लावू नका. सापामागे धावू नका. मग करायचं काय? तर म्हणे धीर द्या, हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा आणि सरळ दवाखाना गाठा. याला प्रथमोपचार म्हणत नाहीत, गाडी बोलावणं म्हणतात! मी भर सभेत उठून विचारलं, "आणि तोवर विष काय थांबून राहील?"
साडू म्हणाला, "दादा, ब्लेडने विष निघत नाही. रक्त निघतं."
सगळे हसले. बहिणीबरोबर येऊन पहिल्या रांगेत बसलेली हीसुद्धा!
मधूनच उठून आलो. साडूशी बोलणं बंद. कायमचं.

१६ जून
बाईंनी भिंतीवर साडूचा फोन नंबर लिहिला. मी पुसला. त्यांनी पुन्हा लिहिला. मी पुन्हा पुसला. आता ऑइलपेंटने लिहिलाय.
घरी हिची भुणभुण: मागच्या फुटक्या कुंड्या हलवा. सेफ्टी इन्चार्जने कुंड्या उचलायच्या? रविवारी बघू.

२२ जून, रविवार
अंगठ्याला पट्टी आहे. अक्षर वाईट आलं तर येऊ दे.
मी पेपर वाचत होतो. हिने कुंड्या स्वतःच उचलायला घेतल्या. हाताला साप चावला. एकदाच "अहो" म्हणाली. असं "अहो" मी आजवर ऐकलं नव्हतं.
किट घेऊन धावलो. सुतळीची गाठ सुटेना, मीच मारलेली. ब्लेड काढताना माझाच अंगठा कापला. ही पायरीवर बसलेली, हात मांडीवर स्थिर. अंगठी काढून माझ्याकडे दिली.
"ब्लेड खाली ठेवा."
"अगं, पण विष..."
"खाली ठेवा. आणि त्याला फोन करा."
"त्याला? मी बोलत नाही त्याच्याशी!"
मी ओरडून काहीतरी बोललो. कुंडीला लाथ मारली. मग नंबर लावला. पुसता पुसता पाठ झाला असावा.
तो एवढंच म्हणाला, "ताईंना चालवू नका. गाडीत घालून आणा. मी दारात थांबतो."
थांबला होता.

२३ जून
दवाखाना. साप विषारीच होता. हिचा हात कोपरापर्यंत सुजलाय. विषावरचं औषध सलाइनमधून चालू आहे. नर्सला सूचना देत होतो म्हणून मला बाहेर बसवलंय. ही काय पद्धत झाली? राग येतोय. नर्सचा, सापाचा, कुंड्यांचा. त्या तिथे ठेवल्या कोणी? मीच. त्याचा विचार नंतर करू.

२५ जून
सूज उतरतेय. धोका टळला.
राऊंडला साडू आला. बरोबर एक शिकाऊ डॉक्टरीण. तिने विचारलं, "इथे आणण्याआधी पेशंटला काय केलं होतं?"
मी उभा राहिलो. शर्ट नीट केला. उत्तर द्यायला तोंड उघडलं.
ही आधी बोलली. "काहीच नाही. मी यांना काही करूच दिलं नाही."
"फार बरं केलंत," डॉक्टरीण म्हणाली. "नाहीतर हात हातचा गेला असता."
वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. मी साडूकडे बघितलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. म्हणाला, "चला दादा, खाली चहा घेऊ."
गेलो. चहा अतिशय वाईट होता. तेवढं मात्र मी त्याला तोंडावर सांगितलं.