बॅटरीचा बोल्ट

दादा,

गाडीची बॅटरी गेली म्हणालास, मी ड्युटीवर, म्हणून काल आई डोळ्याच्या ऑपरेशनला बसने एकटी गेली. आज तुझा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात बॅटरीच्या वायरचा बोल्ट सापडला. तो परत बसवला आणि बॅटरीला मीटर लावून बघितला. बारा पॉइंट सात व्होल्ट. स्टार्टर दाबल्यावरही आकडा साडेदहाच्या खाली गेला नाही. मेलेली बॅटरी आठ-नऊवर आपटते. ही ठणठणीत आहे.

आईला मी काही बोलले नाही. ती शेजारच्या काकूंना सांगतेय, बिचाऱ्याची बॅटरी नेमकी कालच उतरली. उद्या तिची पट्टी सोडणार आहेत. आधी तुझंच तोंड बघायचंय म्हणते. तूच घेऊन जा. गाडी सुरू होते.