गाठीतले चार आणे

२४ जून २०११, शुक्रवार

सकाळी दळण आणलं. दुपारी यमुनेचं कपाट आवरायला घेतलं. तिला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले.

खालच्या कप्प्यात बिस्किटाचा डबा निघाला — चार आण्यांनी भरलेला! पेपरात आलंय, चार आणे या महिनाअखेर बंद. बँका २९ तारखेपर्यंतच घेणार.

बरंच झालं. नाणं पाडायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो म्हणे. भाजीवाली घेत नाही, रिक्षावाला तर हसतो. मी हिला कितीदा म्हणालो, "कशाला साठवतेस हे लोखंड?" ती म्हणायची, "असू द्या. नुसता रुपया दुकानात देतात. देवाला सव्वा लागतो."

२५ जून

पाऊस नाही. वरण करपलं.

२८ जून, मंगळवार

डबा घेऊन बँकेत गेलो. तळाशी पिवळ्या फडक्याची एक गाठ निघाली — आत एक रुपया आणि चार आणे. घट्ट बसली होती, काउंटरवरच दातांनी सोडवली. कॅशियर पोरगी म्हणाली, "काका, गुप्तधन काढलं की काय?" मागचे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

गाठीतल्या नाण्यांसकट सगळं देऊन नोटा घेऊन आलो. फडकं धुऊन चष्मा पुसायला ठेवलं.

३० जून, गुरुवार

फुलंब्रीच्या साळूबाई मेथी घेऊन आल्या. वीस वर्षं आमच्या दारात भाजी देतात. रिकामा डबा खिडकीत पाहिला आणि थबकल्या.

"आन् गाठ वो काका?"

"कोणती?"

"अवो, वैनींची. पिवळ्या फडक्यातली. खुलताबादच्या मारुतीला बोललेल्या ना."

मला वाटलं माझ्या बायपासचा नवस असेल. तो तर तिनं कधीच फेडला म्हणे. ही गाठ मुकुंदसाठी होती. "बापलेक बोलले की सव्वा रुपया वाहीन" — असं म्हणून बांधलेली. सहा वर्षांपूर्वी.

सहा वर्षं! मी मुकुंदच्या लग्नाला गेलो नाही तेव्हापासूनची. मुलगी आपल्यातली नव्हती, एवढंच कारण.

तिनं मला कधी सांगितलं नाही. सांगून उपयोग नाही, हे तिला माहीत असणार.

आणि मुकुंद आला होता की! पुण्याहून. आईचं सगळं केलं. तेरा दिवस याच घरात होता. समोरासमोर पानं मांडलेली, पण मीठ हवं असलं तरी आम्ही माझ्या बहिणीला सांगायचो. कालिंदी, त्याला दे. आत्या, त्यांना विचार. शेवटच्या दिवशी तो पाया पडला. मी दाराकडे बघत राहिलो.

१ जुलै

बँक उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. पोरगी म्हणाली, "काका, ती तर परवाच पोत्यात बांधून गेली. चार आण्यांचं काय एवढं?"

तिथून निघून दुकानं धुंडाळली.

किराणावाला, पानटपरी, गुलमंडीतलं पूजेच्या सामानाचं दुकान. चार आणे कुणाकडेच नाहीत. दुकानदार म्हणाला, "चाचा, कल तक फेंक रहे थे लोग." मीही त्यांतलाच.

२ जुलै

साळूबाईंना विचारलं, दीड रुपया ठेवला तर?

"दीड नाय चालत. सव्वाच लागतो."

"मग आता होणार कसं? चार आणे तर बंद झाले."

त्या जुड्या टोपलीत लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमी बोलले का पर? पोराशी बोलनं नाय आन् देवाचे पैशे हुडकत हिंडता. लई शहाने!"

मला राग आला. मेथी न घेताच आत आलो. मग बराच वेळ बसून राहिलो.

खरं आहे. नाणं शोधायला गावभर फिरलो. मुकुंदचा नंबर फोनशेजारी भिंतीवर, हिच्या अक्षरात. तिकडे एकदाही हात गेला नाही.

आणि ही असती, तर तिनं मला नाणं थोडंच मागितलं असतं!

३ जुलै, रविवार

फोन लावला. मुकुंद म्हणाला, "बाबा, जेवलात का?"

हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

फोन ठेवला. मूठभर तांदूळ धुतले, कुकर लावला.