अक्काच्या सुट्टीचा अर्ज

हॅमिल्टन, न्यूझीलंड, रविवार

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (एवढ्या लांबून ठेवता येतं तेवढं). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? बैलजोडी? पत्र लिहितोय, कारण फोनवर तू ‘दूध उतू जातंय’ म्हणून मध्येच ठेवतेस. पत्र उतू जात नाही.

आधी एक कबुली. काल फोनवर मी दमयंतीला ताप आहे म्हणालो. ताप वगैरे काही नव्हता. ती अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होती. तिच्यासाठी भैरोबाला नारळ बोलली असशील तर देवाची माझ्यातर्फे माफी माग आणि तो माझ्या नावावर फोड.

झालं असं, की आमची लेक वल्लरी युनिव्हर्सिटीत युरोपातल्या बायकांच्या चळवळींवर प्रबंध लिहितेय. तिकडे आइसलँड नावाचा बर्फाळ देश आहे. एकोणीसशे पंचाहत्तर साली चोवीस ऑक्टोबरला तिथल्या दहातल्या नऊ बायकांनी सुट्टी घेतली. ऑफिसातून घेतली, चुलीपासूनही घेतली. पुरुषांना सोपं म्हणून सॉसेज तेवढं शिजवता येई, तर दुकानांतली सॉसेजं संपली म्हणे (हा मांसाहारी पदार्थ, तू विचारू नकोस). पुढे पाच वर्षांनी त्यांनी एक बाई राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडली. हे सगळं दमयंतीने ऐकलं. ती हॉस्पिटलात नर्स, तिथे तिला हक्काची रजा आहे. घरी आजवर नव्हती. यंदाच्या चोवीस तारखेला तिने ती घेतली, आणि नेमकं त्या शनिवारी आमच्या घरी भजन होतं.

“खिचडी टाका की,” ती खुर्चीतून म्हणाली.

मला काय दुर्बुद्धी झाली, मी पुरणपोळी म्हणालो.

“यू’ल बी स्वीट ॲज, बाबा,” (इथल्या बोलीत ‘जमेल की मस्त’) वल्लरी म्हणाली आणि आईशेजारी दुसरी खुर्ची टाकून बसली.

डाळीतच गूळ घातला. दोन तास झाले तरी डाळ खडखडीत. म्हणून तुला फोन केला, तिच्या तापाची थाप मारून. इथे दुपारचे बारा, म्हणजे तिथे पहाटेचे साडेचार. पण पहिल्याच रिंगला तू उचललास. तुझ्या खराट्याचा आवाज थांबला. “आधीच गूळ घातलास?” तू म्हणालीस, “मग आता देवच शिजवील!” आणि तुझं दूध उतू गेलं. देवाने काही शिजवली नाही. संध्याकाळी भजनाला आलेला प्रकाश फार्मासिस्ट पहिला घास बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, “मोहनराव, चणे झकास झालेत.”

भजनात माझं लक्ष नव्हतं. कानात तो खराटा होता. अक्का, आपल्याकडे पोळ्याला बैलांना सुट्टी असते. त्यांच्या खांद्याला तूप-हळद लावतात, अंगावर झूल घालतात, पुरणपोळी भरवतात. ते पुरण वाटायला तू पहाटे तीनला उठायचीस. माझ्या शाळेसाठी तुझी शाळा चौथीत सुटली, तेव्हापासून बैलांनी चाळीसवर सुट्ट्या घेतल्या. तुझी एकही मला आठवत नाही. मी इथल्या ‘ते रापा’ भागातल्या डेअरीच्या कारखान्यात दिवसभर दुधाच्या यंत्रांपाशी असतो, पण तुझ्या चुलीवरच्या सायीचा वास नाकात आला की स्पॅनर हातातच राहतो.

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
मोहन

ता. क. सोबत व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र आहे. अकरा वर्षं तू ‘घर कोण बघेल’ म्हणतेस. पुढचा पोळा इथे कर. सुरेशला सांग, आईला पासपोर्टच्या ऑफिसात घेऊन जा. बैलांचं पुरण दाजी करतील. (गूळ शेवटी, एवढं सांगून ये.)

ता. क. २. दमयंतीने पत्र वाचलं. म्हणते, “मी एक दिवस सुट्टी घेतली, तर यांनी बहिणीलाच बोलावलं कामाला!” भैरोबाची शपथ अक्का, तसं नाही. अंगणात तिसरी खुर्ची आणून ठेवलीय. तू नुसतं बसायचंस.

ता. क. ३. तेवढं खुर्चीतून सांगशील ना, डाळ शिजली हे कसं ओळखायचं?