तिसऱ्या कप्प्यातली मापं

४ मार्च, दुपारी ३
‘तिसऱ्या कप्प्यातलं सगळं जाईल, नक्की?’ असं स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं असताना मी ‘होय’ का दाबलं?

घरचा कॉम्प्युटर सारखा हँग होतो. रॅम कमी. रॅम भरली की जास्तीचा पसारा डिस्कच्या एखाद्या कप्प्यात ठेवायची सोय करता येते, तिला स्वॅप म्हणतात. दुसरा कप्पा रिकामा होता. मी तिसरा दिला. तिसऱ्यात बाबा होते.

बाबा शिंपी. लिहिता येत नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकांची मापं कॉम्प्युटरच्या माइकवर बोलून ठेवायचे. ते गेल्यापासून आई दुपारी काजं करताना तीच लावून ऐकते.

बॅकअपचा संकल्प एक तारखेचाच होता. असो. घाबरायचं कारण नाही. मी पदवीधर आहे.

५ मार्च
आईला सांगितलं, सर्व्हिसिंग चालू आहे. म्हणाली, तू आहेस म्हणून बरं, घरात एक तरी शिकलेलं.

गेलेल्या फाइल शोधणारा प्रोग्राम उतरवला. एकशे दहा सापडल्या! पण पूर्ण शोध झाल्याशिवाय काही वाचवायचं नाही. अर्धवट काम मला आवडत नाही.

मशीन आता अजिबात हँग होत नाही. स्वॅप तरी उत्तम जमला.

७ मार्च
आज यादीत ऐंशीच. प्रोग्राम भिकार. दुसरा उतरवला. दोन्ही एकदम चालवतेय. स्वॅप आहे, पेलतं.

९ मार्च
शेजारच्या मावशी ब्लाउज टाकायला आल्या. आई म्हणाली, ह्यांनी घेतलेलं माप आहे आत, लाव गं. मी म्हटलं, सर्व्हिसिंग. मावशी म्हणाल्या, पाच दिवस? एवढ्यात माणूस ऑपरेशन होऊन घरी येतो.

यादीत एकवीस. चिकाटी हवी.

१२ मार्च, संध्याकाळी ६
शून्य. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने विचारलं, मधल्या दिवसांत वापरलात का? मी अभिमानाने सांगितलं, दिवसभर, शोध चालू होता ना.

त्याने हातातला स्क्रू डबीत टाकला. मग म्हणाला, ताई, ‘होय’ दाबलंत तेव्हा फक्त कप्प्यावरची पाटी बदलली होती. आवाज सगळे आत होते. शोधणारे प्रोग्राम रॅम खात गेले आणि स्वॅप त्यांचा पसारा त्या आवाजांवर टाकत गेला. पहिल्या दिवशी बंद करून आणला असतात तर.

त्याने वायर नीट गुंडाळून दिली.

१३ मार्च, सकाळी ८
आईला सांगितलं. सगळं.

सुई थांबली नाही. म्हणाली, मापं मला पाठ आहेत गं. मावशींची छाती छत्तीस, बाही साडेनऊ. मग सुई थांबली. म्हणाली, प्रत्येक मापाआधी ते जरा खाकरायचे. ते कुठून आणू?

मी स्वॅप काढून टाकला. मशीन पुन्हा हँग होतंय. होऊ दे. तिसरा कप्पा रिकामा ठेवलाय.